अण्णांचं ‘पित्त’ आणि तुमची बरगडी

प्रश्न : माझं वय ३६. साताऱ्यात राहते, घरी शिलाईकाम करते. जानेवारीत सर्दी-खोकला झाला, तो तीन आठवडे हटला नाही. तेव्हापासून, म्हणजे दोन महिने, छातीच्या मधल्या हाडाला लागून डाव्या बाजूला दुखतं. जागा एका बोटानं दाखवता येते. कूस बदलताना, शिंकताना, मोठा श्वास घेताना चमक निघते. दाबलं की जास्तच. दोन ईसीजी झाले, एक एक्स-रे झाला, सगळं नॉर्मल. शेजारच्या पायाळू काकूंकडून पाय लावून घेतला, बाम चोळला, शेकलं. डावी बाजू म्हणून रात्री भीती वाटते, मुलं लहान आहेत. सासऱ्यांमुळे (अण्णा, वय ६४) घरात पित्ताच्या गोळ्या असतातच, त्याच मीही घेते. अण्णा रोज पहाटे साडेपाचला गावाजवळच्या चार भिंतींच्या टेकडीकडे फिरायला जातात, चढावर त्यांना छातीत जळजळतं, थांबून दोन ढेकर दिले की बरं वाटतं. हल्ली ऊन वाढलंय म्हणून अर्ध्यातूनच परत येतात. मला नेमकं काय झालंय? घरचे म्हणतात तसं हे मनाचं आहे का?
– एक वाचक, सातारा

ताई,

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे, इथे ते थोडक्यात दिलंय. त्या चार पानांत अण्णांबद्दल जेमतेम तीन ओळी आहेत आणि मी त्या तीन ओळींपाशीच अडकले. म्हणून पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवलं, की अण्णांना आधी दाखवा. त्यावर तुमचं उत्तर आलं : ‘अण्णा म्हणतात, मला काही झालेलं नाही, पाडवा होऊन जाऊ दे, मग बघू.’ ताई, पाडव्यापर्यंत थांबू नका. का, ते आधी सांगते. मग तुमच्या बरगडीकडे येते. तिथे तुम्हाला धीर येईल असं बरंच काही आहे.

पित्ताला चढ आणि सपाटी यांतला फरक कळत नाही. पित्त खवळतं ते तर्रीदार मिसळीनंतर, रात्री उशिरा जेवून लगेच आडवं झाल्यावर, जागरणानं, उपाशीपोटी चहावर चहा झाला की. पायाखालचा रस्ता वर चढायला लागला म्हणून पित्त उसळत नाही. चढावर काम वाढतं ते हृदयाचं. हृदय साऱ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतं आणि ते आणणाऱ्या वाहिन्या बारीक असतात. त्यांत आतून चरबीचा थर साचून वाट अरुंद झाली, की बसल्या जागी पुरणारं रक्त चढावर पुरत नाही. मग छाती आवळते, जड होते, नाहीतर जळजळते. माणूस थांबला की हृदयाची गरज कमी होते आणि दोन-चार मिनिटांत सगळं निवळतं. याला आम्ही अंजायना म्हणतो. १७६८ साली लंडनमध्ये विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी त्याचं पहिलं नीट वर्णन मांडलं. त्यांचे रुग्ण चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर, छातीतल्या दुखण्यानं जागीच थांबायचे, आणि थांबल्याबरोबर ते दुखणं नाहीसं व्हायचं. तेव्हा ईसीजी नव्हता, साधा स्टेथोस्कोपही नव्हता. हेबर्डननी रुग्णाला नीट ऐकलं, एवढंच. चार भिंतींच्या चढावरच्या अण्णांचं वर्णन याहून वेगळं नाही.

‘पण ढेकर आला की बरं वाटतं ना!’ हे मी गेल्या कित्येक वर्षांत शेकडो तोंडून ऐकलंय. ढेकर द्यायला आपण थांबतो असं अण्णांना वाटतं. बरं वाटतं ते ढेकर दिल्यामुळे की थांबल्यामुळे? त्यांना इतकंच विचारा, की न थांबता, चालता चालता ढेकर दिला तर जळजळ जाते का? (नुसतं विचारायचं, चढून बघायचं नाही.) हृदय आणि अन्ननलिका छातीत एकमेकींना लागून असतात आणि दोघांच्या वेदना नेणाऱ्या नसा मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी शिरतात. त्यामुळे कळ कुठून आली ते मेंदूलाही धड ओळखता येत नाही, तिथे आपण काय ओळखणार. पित्ताची गोळी घेऊन बरं वाटलं, यावरूनही हृदय निर्दोष ठरत नाही.

आता उन्हाचं. पहाटे साडेपाचला साताऱ्यात ऊन कुठलं, ताई? अण्णा उन्हामुळे परत फिरत नाहीत. आधी वरपर्यंत जाता यायचं, आता अर्ध्यातच छाती अडवते, आणि ते स्वतःशीही कबूल करायला नको म्हणून उन्हाचं नाव पुढे केलंय. पुरुषमाणसं हे फार करतात. वैद्यकाच्या दृष्टीनं तुमच्या चार पानांतली सगळ्यांत गंभीर ओळ हीच आहे. महिनोन्‌महिने ठराविक चढावर येणारा आणि ठराविक वेळात जाणारा अंजायना ही एक गोष्ट. आधीपेक्षा थोड्या श्रमानं येऊ लागलेला अंजायना ही वेगळीच गोष्ट, कारण आतला थर अस्थिर झाल्याची ती खूण असू शकते. तिथे गुठळी धरली की झटका येतो. म्हणून पाडवा नको, सोमवारही नको. हे वाचाल त्याच दिवशी जा.

मी एवढी मागे का लागलेय, त्याला कारण आहे. मी नवीन प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा हमाली करणारे एक गृहस्थ आले होते. म्हणाले, ‘बाई, पोती उचलली की छातीत गॅस धरतो.’ त्यांच्या वाक्यात निदान होतं, ‘पोती उचलली की’ या तीन शब्दांत. मी ऐकला तो फक्त ‘गॅस’. गोळ्या लिहून दिल्या. नवव्या दिवशी पहाटे त्यांचा मुलगा दार वाजवत आला आणि मी पोहोचेपर्यंत ते गेले होते. ती चूक माझी होती. त्या दिवसापासून माझ्यासमोर कोणीही ‘गॅस’ म्हटलं, की मी पेन खाली ठेवते आणि विचारते : काय करताना?

तर अण्णांचं फिरणं आजपासून बंद. घरात वावरायला हरकत नाही, पण चढ नाही, जड उचलणं नाही, पोटभर जेवून लगेच बाहेर पडणं नाही. तंबाखू-चुना चालू असेल तर तोही सोडायला सांगा. ओढत नाही, नुसती चघळतो म्हणून रक्तवाहिन्या काही सोडून देत नाहीत. (बायकांच्या मिस्रीलाही हेच लागू.) त्यांना फिजिशियन किंवा हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या, नाहीतर सदर बझारच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात, आपल्या सिव्हिलला. तिथे आधी ईसीजी होईल, रक्तदाब आणि साखर पाहतील, गरज वाटली तर रक्तातलं ट्रोपोनिन तपासतील. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढतं, पण वाढायला काही तास लागतात, म्हणून पुन्हा रक्त घेतलं तर ‘उगीच टोचतात’ म्हणू नका. पुढे टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि मग पट्ट्यावर चालवून करायची टीएमटी की सरळ अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांत औषध सोडून काढलेलं त्यांचं चित्र, ते डॉक्टर ठरवतील. बिघडत चाललेल्या अंजायनात माणसाला पट्ट्यावर पळवत नाहीत. त्यामुळे परस्पर पॅकेजमधली टीएमटी करून घेऊ नका. खर्चाची धास्ती असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत टाकून निघा.

एक धोका आधीच सांगून ठेवते. बसल्या जागी काढलेला ईसीजी अण्णांचा नॉर्मल येऊ शकतो. अंजायना असलेल्या बऱ्याच जणांचा येतो, कारण बसलेल्या हृदयाची काही तक्रारच नसते. अण्णा लगेच म्हणतील, ‘बघ, सांगत नव्हतो?’ आणि उठतील. त्यांना उठू देऊ नका. डॉक्टरांना चढावरची हकीकत सांगितल्याशिवाय तिथून निघू नका.

आणि त्याआधीच कधी, बसलेले किंवा झोपलेले असताना, छातीत तसंच सुरू झालं आणि थांबेना, घाम फुटला, धाप लागली, मळमळलं, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ गेली, तर १०८ ला फोन करा. पाच-दहा मिनिटांत जात नाही म्हटल्यावर वाट बघायची नाही. अण्णांना बसवून ठेवा, जिने उतरायला लावू नका, दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात व्रण किंवा रक्तस्राव झालेला नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. १०८ च्या डॉक्टरांना विचारूनच द्या, म्हणजे शंका नको. जिभेखालची गोळी कोणी शेजाऱ्यानं आपल्या डबीतून काढून दिली तर घेऊ नका, तिनं रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. सोडा, जिरं-ओवा, लिंबू-सरबत यांत वेळ घालवू नका. त्या तासाभरात हृदयाचा किती स्नायू वाचतो, यावर पुढची सगळी वर्षं अवलंबून असतात.

आता तुम्ही.

तुमचं दुखणं तुम्ही इतकं नेमकं सांगितलंय, की अर्धं निदान तुम्हीच केलंय. एका बोटाची जागा. कूस, शिंक, मोठा श्वास यांनी चमक. दाबलं की वाढ. मागे तीन आठवड्यांचा खोकला. आणि तुम्ही एका कोपऱ्यात लिहिलंय, की लग्नसराईचे ब्लाउज असल्यानं दिवसाला दहा-दहा तास मशीनवर असता. हृदयाची कळ सहसा अशी नसते. ती दाखवताना माणूस बोट लावत नाही, अख्खा तळवा किंवा मूठ छातीवर ठेवतो. ती कूस बदलल्यानं येत नाही आणि दाबल्यानं वाढत नाही. दवाखान्यात रुग्ण बोलायच्या आधी मी त्याचा हात कुठे आणि कसा जातो ते बघते. हा काही अचूक नियम नाही. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत हृदयाचं दुखणं आडवळणानंही येतं, नुसती धाप, नुसता थकवा, नुसती मळमळ होऊन. पण तुमच्या वयात, तुमच्या हकीकतीसोबत, दोन नॉर्मल ईसीजींना वजन आहे. अण्णांचा नॉर्मल ईसीजी आणि तुमचा नॉर्मल ईसीजी कागदावर सारखाच दिसेल, तरी दोघांचा अर्थ एक नाही. कागद हकीकतीच्या शेजारी ठेवूनच वाचायचा असतो.

मग दुखतं कशानं? आपल्याला बरगड्यांच्या बारा जोड्या. त्यांतल्या वरच्या सात छातीच्या मधल्या हाडाला येऊन मिळतात, पण हाडाला हाड थेट जोडलेलं नसतं. मध्ये कूर्चेचा तुकडा असतो, कानाच्या पाळीच्या वर हाताला लागते तशी, पण जाड. ती लवचीक असते म्हणून श्वासागणिक छातीचा पिंजरा उघडतो-मिटतो. तीन आठवडे खोकताना या सांध्यांना हिसके बसले, वर मशीनवर पुढे वाकून, डाव्या हातानं कापड सरकवत तासन्‌तास बसणं. कूर्चेचा सांधा दुखावला, सुजला. याला कॉस्टोकाँड्रायटिस म्हणतात. नाव भयंकर असलं तरी आजार तसा नाही. दुसऱ्यापासून पाचव्या बरगडीपर्यंतचे सांधे जास्त धरतात. तिथे डोळ्यांना दिसेल किंवा हाताला लागेल अशी गाठीसारखी सूज असेल, तर त्याला टीट्झचा आजार म्हणतात. जर्मन शल्यविशारद आलेक्झांडर टीट्झ यांनी १९२१ साली तो नोंदवला. तोही बरा होतो, पण सूज असेल तर डॉक्टरांच्या हाताखालून जायलाच हवी.

एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. म्हणून तुमचा एक्स-रे नॉर्मल आहे आणि तरी तुम्हाला दुखतंय, यात विसंगत काहीच नाही. या दुखण्याची रक्ताची तपासणी नाही, स्कॅन लागत नाही. डॉक्टरांचं बोट बरगडीवरून एक-एक करत सरकत जातं आणि नेमक्या जागी पोचल्यावर तुम्ही ‘आई गं’ म्हणता, ‘हेच ते दुखणं’ म्हणून ओळखता, हीच त्याची तपासणी. तुमच्या दोन्ही ईसीजींच्या वेळी छातीला वायरी लागल्या, पण कोणी बोट लावलं का? तुमच्या पत्रात तरी तसं कुठे नाही. आणि मनाचं म्हणाल, तर दुखणं छातीच्या पिंजऱ्यातलं आहे, मनातली आहे ती भीती. भीतीनं झोप उडते, स्नायू आखडतात, श्वास उथळ होतो, आणि दुखणं मोठं होऊन जाणवतं. घरच्यांना एवढं सांगा, की दुखतंय हे खरं आहे.

बरं व्हायला वेळ लागेल. मुरगळलेल्या पायाला आपण विश्रांती देतो. बरगडीला ती मिळत नाही, कारण आपण दिवसाला वीस हजारांच्या आसपास श्वास घेतो. काही आठवडे, कधी काही महिनेही जातात. गरम पाण्याच्या पिशवीनं दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं शेका. मशीनचं स्टूल उंच करा म्हणजे कमरेतून वाकावं लागणार नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासानं उठा. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती हलकेच पुढे न्यायची, दहापर्यंत मोजायचं, परत यायचं. कळ आली की तिथेच थांबा. भरलेला सिलिंडर, पाण्याची कळशी सध्या दुसऱ्या कोणाला उचलू द्या. लावायचं मलम चालेल. पोटात घ्यायची वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांपुरतीच घ्या. मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने खाल्लेल्या त्या गोळ्या पोटाचं आणि मूत्रपिंडाचं नुकसान करतात. पित्ताची गोळी तुम्हाला कशासाठी लागते ते मला कळलं नाही, अण्णांच्या डबीतली ती उसनी गोळी बंद करा. छातीला घट्ट पट्टा बांधू नका, श्वास उथळ होतो आणि खाली कफ साठतो.

पायाळू काकूंचं मन मी दुखवणार नाही. पाठीत उसण भरली की पाय लावून घ्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि आपलेपणाच्या स्पर्शानं आखडलेला स्नायू सैल होतही असेल. पण पुढच्या बरगडीवर पुन्हा पाय लावून घेऊ नका. दीर्घ खोकल्यानं बरगडीला बारीक चीर पडू शकते, साध्या एक्स-रेत ती पुष्कळदा निसटते, आणि अशा हाडावर भार पडला तर चिरेचा मोड होतो. दाबल्यावर सांध्याऐवजी बरगडीच्या मध्यावर, काखेच्या रेषेत, हाडावरच कळवळत असेल, तर डॉक्टरांना ही शंका बोलून दाखवा. दिवसभर घरात बसून काम असतं, तेव्हा ड जीवनसत्त्वाचंही विचारून घ्या. ते फार कमी झालं की हाडं दाबल्यावर दुखतात.

माझा अंदाज पत्रावरचा आहे, हात लावून काढलेला नाही. खोकला अजून चालू असेल, ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त यांतलं काही असेल, तर छाती आणि थुंकी तपासा, क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. एकाएकी धाप लागली, एका पायाची पोटरी सुजली, त्यातून तुम्ही पाळी नियमनाच्या गोळ्या घेत असाल, तर फुप्फुसात गुठळीची शक्यता असते आणि ते तातडीचं काम आहे. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन तीन-चार दिवसांनी पुरळ उठलं, तर ती नागीण. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर चांगलं, आणि तिचा विळखा पुरा झाला की माणूस जातो हे खोटं आहे. स्तनात गाठ लागत असेल तर तीही दाखवा. यांतलं काहीच तुमच्या पत्रात नाही, म्हणूनच मी तुमच्याबद्दल निर्धास्त आहे.

आता अण्णांना न्यायचं कसं. ‘हार्ट’ हा शब्द घरात काढू नका, ते बिथरतील. म्हणा, ‘अण्णा, मला छातीचं दाखवायला जायचंय, एकटीला भीती वाटते, तुम्ही चला.’ हे खोटं नाही आणि सासरेमाणूस याला नाही म्हणत नाही. तिथे ते डॉक्टरांसमोर ‘थोडं पित्त आहे’ एवढंच बोलतील, म्हणून ही चिठ्ठी आधीच लिहून ठेवा :

‘वय ६४. चढ चढताना छातीच्या मध्ये जळजळ, जडपणा. थांबल्यावर काही मिनिटांत जाते. बसलेले असताना येते का, विचारावे. आधी वरपर्यंत जात होते, आता अर्ध्यातच येते. तंबाखू, बीपी, शुगर : ... . कधीपासून : ... .’

मोकळ्या जागा सासूबाईंना विचारून भरा, त्यांना अण्णांपेक्षा जास्त माहीत असेल. खिडकीवर अण्णांचा केसपेपर आधी काढा, आणि त्याच रांगेत तुमचाही वेगळा काढा.